प्रश्नांच्या वेळेची घंटी

कोण बोलतंय म्हणून मागे वळून बघू नका. मी बोलतेय, टेबलावरची घंटी. काशाची आहे, लाकडी मूठ आहे, मुठीवरचं पॉलिश कधीच गेलंय. मी देखणी नाही आणि माझा आवाजही गोड नाही. देवघरातल्या घंटीसारखं किणकिण करणं मला जमत नाही. मी वाजले की माणसाने हातातलं टाकून वर बघायलाच पाहिजे, एवढ्यासाठी मला केलंय.

माझा जन्म बेंगळुरूचा. चिकपेटेच्या मागे भांड्यांची एक गल्ली आहे, तिथल्या एका ओताऱ्याने मला ओतलं. गार झाल्यावर त्याने मला जोरात हलवून बघितलं आणि बायकोला म्हणाला, "ही भांडखोर निघाली बघ."

बायको म्हणाली, "मग शाळेत देऊन टाक. देवळात हिचं जमायचं नाही."

तशी मी राजाजीनगरच्या एका लहानशा शाळेत आले. पहिली ते चौथी. म्हणजे माझं शिक्षणही चौथीपर्यंतच. पाचवीत काय शिकवतात ते मला विचारू नका. पण चौथीपर्यंतचं सगळं मी इतक्या वेळा ऐकलंय की जगायला त्याहून फारसं लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

त्या शाळेत मला राजलक्ष्मी भेटली. तिसरीची बाई. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक, म्हणून तिला माझी गरज पडायची. तिच्या घरचे लोक मराठी, पण कित्येक पिढ्यांपासून इथलेच. त्यांच्या मराठीत कन्नड असं मुरलंय की वेगळं काढता येत नाही. थोडं म्हणायचं तर 'स्वल्प', भावाला 'अण्णा', आणि ठीक आहे म्हणायचं तर 'सरी'. दिवसभर सरी, सरी. भाजीवाल्याला सरी, रिक्षावाल्याला सरी, नवऱ्याशी भांडण मिटलं तरी सरी.

लहान मुलांचं एक मला फार आवडायचं. त्यांना विचारायला लाज वाटत नाही. मी तास संपल्याची वाजत असायचे आणि कुणीतरी विचारत असायचं, "बाई, माशाला तहान लागते का?" राजलक्ष्मी सरळ म्हणायची, "मला माहीत नाही रे. उद्या बघून सांगते." आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायची. मला वाटायचं, सगळी माणसं अशीच असतात. पुढे मोठ्या माणसांच्या सभा बघितल्या आणि कळलं, चौथीनंतर त्यांना काहीतरी होतं.

मग शाळेत विजेची घंटा बसवली. ती आपोआप वाजते, रविवारीही वाजते, बिनडोक. मी कपाटात गेले. त्याच सुमाराला राजलक्ष्मीच्या वडिलांनी तिला शाळा सोडून कारखान्यात बोलावून घेतलं. ती निघताना मुख्याध्यापिकेला म्हणाली, "मला निरोपाची शाल नको. ही घंटी द्या." मला अजून ते आठवलं की आतून झणझणल्यासारखं होतं.

आता त्या कारखान्याचं सांगते. तिचे वडील विठोजीराव. त्यांना सगळेच आप्पाजी म्हणतात. मिक्सर करतात, स्वयंपाकघरात चटणी वाटायचे. स्वतः पिशवीत मिक्सर घालून एस.टी.ने गावोगाव हिंडून त्यांनी दुकानदार जोडले. आता कामकाज गिरीराज बघतो, राजलक्ष्मीचा मोठा भाऊ. मुलगा चांगला आहे, खोटं बोलणार नाही. फक्त माणसापेक्षा पडद्याशी जास्त बोलतो. आणि राजलक्ष्मीकडे काम आलं दुकानदारांचं. त्यांना पूर्वी डीलर म्हणायचे. गिरीराजने त्यांना 'बिझनेस पार्टनर' केलं. नाव बदललं, खुर्च्या त्याच, मागच्या.

या पार्टनरांचा दरवर्षी इंदिरानगरच्या एका हॉटेलात मेळावा होतो. पहिल्यांदा गेले तेव्हा मी राजलक्ष्मीच्या पर्समध्ये होते. छापलेल्या कार्यक्रमात शेवटी ओळ होती, 'आपले प्रश्न व सूचना'. मला बरं वाटलं. म्हटलं, शाळाच आहे ही.

कसली शाळा. पाहुणे इलेक्ट्रॉनिक सिटीहून येणार होते, ते वाटेत अडकले. ते आल्यावर समई लावायची, तर एसीच्या वाऱ्याने काडी विझायची. चार जण हाताचे आडोसे करून उभे, जणू बाळंतिणीची खोली. मग शाली. मग हार. मग व्हिडिओ, तो आवाजाशिवाय सुरू झाला, म्हणून परत पहिल्यापासून. मग गिरीराजचं भाषण, पडद्यावर रंगीत खांब वर चढतायत आणि हा त्यांच्याकडे तोंड करून बोलतोय, लोकांकडे पाठ. या सगळ्यांनी मिळून प्रश्नांची वेळ खाल्ली. तोवर मागच्या दारातून बिसी बेळे भाताचा वास आत आला.

राजलक्ष्मीने घाईघाईने मला बाहेर काढलं आणि वाजवलं, भावाला थांबवायला. आणि काय झालं असेल? अख्खा हॉल उठला. खुर्च्या सरकल्या, पिशव्या उचलल्या, लोक निघाले जेवायला. दोष कुणाला द्यायचा? या सगळ्यांनी लहानपणी हीच घंटी ऐकलेली. दुपारी घंटी झाली की ऊट, म्हणजे जेवण. एवढं एक शिक्षण कुणीच विसरत नाही. आप्पाजी माईकवर गेले आणि दरवर्षीसारखं त्यांनी विचारलं, "सरी?"

चालता चालता सगळ्यांनी उत्तर दिलं, "सरी."

झाले प्रश्न, झाल्या सूचना. आप्पाजींना मनापासून वाटलं की सगळं ठीक आहे.

हात धुवायच्या जागी गंगव्वा भेटली. निपाणीकडची. तिचा नवरा आप्पाजींचा पहिला दुकानदार होता. तो गेल्यावर दुकान तिनेच चालवलं. मोठं कुंकू, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं माझ्यासारखं. मला ती बघताक्षणी आवडली.

"राजाक्का," ती ताट हातात धरून म्हणाली, "यवढ्या लांबनं मी भात खायाला येत न्हाई. भात माझ्या घरात हाय."

"गंगव्वाक्का, यंदा स्वल्प घोटाळा झाला."

"दरवर्षीच हुतोय की. मला एक सांगायचं हाय, ते मी तुमच्या स्टेजवरनं सांगणार. कोपऱ्यात न्हाई. फुडच्या वर्षी बोलू दिलं न्हाई, तर दुकानावरचा तुमचा बोर्ड उतरवून लॉरीत घालून पाठवून देते."

ती रागाने बोलली असती तर राजलक्ष्मीने मनावर घेतलं नसतं. पण हे बोलताना गंगव्वाच्या डोळ्यांत पाणी होतं. तो बोर्ड आप्पाजींनी स्वतःच्या हाताने तिच्या दुकानावर चढवलेला, कारखान्याचा पहिला बोर्ड. तो उतरला असता तर म्हातारा खचला असता. राजलक्ष्मीने घरी कुणाला सांगितलं नाही. वर्षभर तो बोर्ड तिच्या मानेवर होता. कधीकधी दुपारी मला पुसता पुसता ती म्हणायची, "पुढच्या वेळी आपण दोघींनी हे निस्तरायचं." मी काय बोलणार, पण मी तयार होते.

पुढच्या मेळाव्याआधी ती भावाशी भांडली. माझ्यासमोर.

"अण्णा, तुझं भाषण अर्धं कर."

"अगं, यात वर्षभराचं काम आहे."

"मग वर्षभर कर. पण बोल अर्धं. आणि घंटी झाली की थांबायचं."

"शाळा आहे का ही, राजी?"

"असती तर बरं झालं असतं."

गिरीराज हसला आणि कबूल झाला. मी म्हटलं ना, मुलगा चांगला आहे.

मेळाव्याच्या दिवशी राजलक्ष्मीने सुरुवातीलाच माईकवर मला उंच धरलं आणि मराठीत, कन्नडात, हिंदीत सांगितलं, "ही घंटी ऊटाची नाही. ही वाजली की बोलणाऱ्याने थांबायचं. बसलेल्यांनी बसायचं." लोक हसले. वाढप्यांनाही तिने सांगून ठेवलं होतं, मी सांगेपर्यंत भांड्यांची झाकणं काढू नका. वासानेच तर घात होतो.

आणि जमलं की. पाहुण्यांवर मी वाजले, ते दचकले, पण बसले. गिरीराजवर वाजले, त्याने वाक्य अर्धं सोडलं आणि लहान मुलासारखं तोंड करून खाली आला. प्रश्नांना चांगला भरपूर वेळ उरला होता. तिसऱ्या रांगेत गंगव्वाने पदर सारखा केला, चष्मा पुसला.

आणि आप्पाजी उठले.

त्यांचं नाव कार्यक्रमात नव्हतं. पण त्यांना समोर आपली माणसं दिसली आणि प्रेम उतू गेलं. स्वल्प बोलतो म्हणाले आणि माईक धरला. पिशवीत मिक्सर घालून हिंडायचे ते दिवस, कुणाच्या ओसरीवर झोपले, कुणी भाकरी घातली, सगळं सुरू झालं. गोड बोलत होते. समोर चार लोक डोळे पुसत होते. आणि वेळ जात होता, तोच, ज्यासाठी आम्ही दोघी वर्षभर थांबलो होतो. प्रेमाने खाल्लेला वेळही गेलेलाच असतो की.

गंगव्वाने चष्मा डबीत ठेवला. डबी पिशवीत ठेवली. पिशवी मांडीवर घेतली.

राजलक्ष्मीने ते बघितलं. तिचा हात माझ्या मुठीवर आला, आणि तिथेच राहिला. पाहुण्यांना थांबवणं वेगळं, भावाला थांबवणं वेगळं. बापावर घंटी वाजवायची? भर सभेत? त्यांच्या घरात आप्पाजी जेवत असले तर कुणी ताटावरून उठत नाही. मी मनात म्हणत होते, हलव बाई, हलव. आता नाही हलवलंस तर तो बोर्ड लॉरीत पडला समज.

तिने मला हलकेच हलवलं. पण काशाला हलकं बोलता येत नाही. मी खणखणीत वाजले.

आप्पाजी भाकरीवरच थांबले.

"कोण वाजवतंय?" आप्पाजींनी विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं, पण मी ऐकू येते.

"मी, आप्पाजी."

गिरीराज दबक्या आवाजात म्हणाला, "राजी, काय हे."

ती तशीच मला घट्ट धरून उभी राहिली. आप्पाजी क्षणभर गोंधळले. हातातला माईक बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि मग सवयीचा शब्द तोंडातून निघाला. "बरं. तर मग, सरी?"

आणि सवयीनेच अख्खा हॉल म्हणाला, "सरी."

संपलं, असं मला वाटलं. मागे खुर्च्या सरकायला लागल्यासुद्धा. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"आप्पाजी, स्वल्प सरीरी."

गंगव्वा उभी होती. आता हे नीट ऐका. बेंगळुरूत 'सरी' म्हणजे ठीक आहे. पण गंगव्वाकडच्या कन्नडात कुणाला 'सरी' म्हटलं की त्याचा अर्थ सरक, बाजूला हो. तिने शेवटी 'री' लावला होता, म्हणजे मान राखून म्हणाली होती. पण म्हणाली होती तेच. मालकांना. भर सभेत. बाजूला व्हा म्हणून.

बेळगाव, हुबळीकडच्या लोकांना आधी कळलं. त्यांनी माना खाली घातल्या. गिरीराजला काहीच कळलं नाही, त्याला वाटलं बाई ठीक म्हणतेय. पण आप्पाजी अर्धं आयुष्य त्या मुलखात हिंडलेले. त्यांना बरोबर कळलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला. मग ओठ हलले. मग म्हातारा असा हसायला लागला की माईक हातातून सुटायची वेळ आली.

"माझी बायको गेल्यापासून मला सरक म्हणणारं कुणी उरलं नव्हतं," ते म्हणाले. "ये गंगव्वा. हा बघ सरकलो."

आणि ते स्टेजवरून उतरले, हळूहळू चालत तिसऱ्या रांगेत गेले आणि गंगव्वाच्या खुर्चीत बसले. तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

गंगव्वा वर आली. माईक तिच्यासाठी उंच होता, राजलक्ष्मीने तो वाकवून दिला. गिरीराज लगेच पेन काढून म्हणाला, "अक्का, तुमचा पॉइंट सांगा, मी नोट करतो."

"नोट नको करू, बाबा. ऐक."

त्याने पेन खिशात ठेवलं.

"माझ्या शेजारणीनं लेकीच्या लग्नात तुमचा मिक्सर दिला. मीच दे म्हणलं. सासरी चटणी वाटाय घेतली आणि पहिल्याच दिवशी बंद पडला. चालायचंच, यंत्र हाय. पण मी फोन लावला, तर बाई इंग्रजीत बोलती. एक दाबा. दोन दाबा. मी दाब म्हणल तिथं दाबलं. मग गाणं लागलं. मी गाणं ऐकत बसले. दुसऱ्या दिवशी परत गाणं. महिनाभर मी तुमचं गाणं ऐकलं. तिकडं पोरीला सासू टोमणं मारती, माहेरचं असलंच म्हणती. आणि माझी शेजारीण माझ्याशी बोलायची बंद झाली. सणाला तिच्या घरातनं ताट येत हुतं, ते येत न्हाई. मी यवढंच विचारते, तुमच्याकडं फोन कोण उचलतंय?"

"सिस्टीम आहे, अक्का," गिरीराज म्हणाला. "ऑटोमॅटिक. कॉल योग्य माणसाकडे जातो."

"त्या माणसाचं नाव काय?"

गिरीराज पडद्याकडे बघायला लागला.

तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. सुरकुतलेला, म्हातारा. राजलक्ष्मी चटकन शाळेतल्यासारखी म्हणाली, "बोला, आप्पाजी."

"मला एक शंका आहे," आप्पाजी म्हणाले. "गिरी, तू स्वतः तो नंबर कधी लावून बघितलास का?"

त्याने लावला नव्हता. उगाच सबबी सांगितल्या नाहीत. तिथेच फोन काढला, नंबर लावला आणि माईकजवळ धरला. बाई बोलली. त्याने एक दाबलं. बाई परत बोलली. त्याने तीन दाबलं. मग गाणं लागलं. आधी लोक हसले. कुणी ताल धरला. गाणं चालूच राहिलं. हळूहळू हसू थांबलं. मग नुसतं ते गाणं, सनई आणि तबला, मालकाच्या हातात. गिरीराजचे कान लाल झाले होते.

त्याने फोन बंद केला. "अक्का, मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

मला विचाराल तर त्या सभेत स्टेजवरून बोललेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य. कारण त्याच्यानंतर हात वर आले. इकडून, तिकडून. कुणाला खोके फाटतात म्हणायचं होतं, कुणाला झाकण घट्ट बसतं म्हणायचं होतं, एकाला फक्त एवढंच सांगायचं होतं की जुना निळा रंग बायकांना आवडायचा, तो का बंद केला. वाढपी दारात येऊन उभे राहिले, तर गिरीराजच म्हणाला, "झाकून ठेवा. आम्ही बोलतोय." भात गार झाला. लोकांनी गारच खाल्ला आणि खाता खाताही बोलत राहिले.

गंगव्वा त्या दिवशी बोर्डाबद्दल अवाक्षर बोलली नाही. जाताना पिशवी घेतली, आप्पाजींच्या पाया पडली आणि गेली. राजलक्ष्मीला काय ते कळेना. तो बोर्ड मानेवर तसाच.

आठवड्याभरात गिरीराजने त्या बाईला आणि गाण्याला निरोप दिला. फोनला माणसं बसवली, मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी. ज्याच्याकडे फोन जातो त्याचं नाव आधी सांगायचं, हा नियम त्याने स्वतः घातला. निपाणीच्या त्या पोरीच्या सासरी नवा मिक्सर घेऊन तो स्वतः गेला. सासूसमोर बसून चटणी वाटून दाखवली म्हणे, आणि तिखट लागून रडला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, राजलक्ष्मीच्या फोनवर एक फोटो आला. दुकानावरचा बोर्ड, पुसून लख्ख, वर झेंडूची माळ. खाली गंगव्वा आणि तिच्या शेजारी हातात सणाचं ताट घेतलेली दुसरी एक बाई, दोघी कॅमेऱ्याकडे रागाने बघतायत, फोटो काढताना बघतात तशा. राजलक्ष्मीने तो फोटो बापाला दाखवला, आणि मग माझ्याही समोर धरला. वेडी आहे. मला डोळे कुठायत. पण दिसला मला.

यंदाच्या मेळाव्याला मीही होते. आता प्रश्न आधी असतात, समईच्याही आधी, लोक ताजे असताना आणि पोटात नाश्ता असताना. गिरीराज खाली खुर्चीत बसून ऐकतो, पडदा नंतर. त्यामुळे मला काम असं उरलेलं नाही. यंदा फक्त एकदा वेळ आली. गंगव्वा उठली, आणि ती एकदा बोलायला लागली ती थांबेचना. फोनचं झालं, खोक्याचं झालं, मग नातवाच्या लग्नाचं सुरू झालं. लोक घड्याळं बघायला लागले. राजलक्ष्मीने माझ्यावर हात ठेवला. नियम म्हणजे नियम, मी तिच्यावरही वाजले असते, मी कुणाची नातलग नाही. पण राजलक्ष्मीने हात काढून घेतला आणि माझ्या अंगावर रुमाल टाकला. मी मुकाट पडून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा न वाजायला बरं वाटलं.

आता मी म्हातारी झालेय. काठाला बारीक चीर गेलीय, आवाज थोडा फाटतो. राजलक्ष्मीच्या टेबलावर, खिडकीकडच्या बाजूला माझी जागा आहे. ती रोज पुसते. याहून मला काही नको.

तुम्हाला मात्र एक मागते. तुम्ही सभा घ्याल, मेळावा घ्याल, घरात चार माणसं जमवाल, तेव्हा लोकांच्या बोलण्याची वेळ शेवटी ठेवू नका. शेवटी जे ठेवता ते देण्यासाठी नसतंच, ते नुसतं छापण्यासाठी असतं. लोक गप्प आहेत म्हणजे खूश आहेत, असं समजू नका. त्यांना भूक लागलेली असते, किंवा त्यांनी आशा सोडलेली असते. आणि उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. आकाश कोसळत नाही. मी पाहिलंय.

झालं. फार बोलले मी, आणि मला अडवायला इथे दुसरी घंटी नाही. आता तुमचं काही विचारायचं राहिलं असेल तर विचारा. घाई नाही. मी वाजणार नाही.